तराफ्याचा पोळा

पोळा झाला की पुढच्या रविवारी आमच्या गावामागच्या नदीत तराफ्यांची शर्यत असते. बंधाऱ्यामुळे पाणी थोपलेलं असतं, ओढ नसते, आणि आजूबाजूच्या गावांचे तराफे नटूनथटून येतात. बायांनी मात्र काठावर मसालेभात रांधायचा. गेल्या वर्षी माझं डोकंच फिरलं. मी माहेरच्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेली बाई. कमरेएवढ्या पाण्यात ज्यांना घाम फुटतो त्यांनी वल्ही मारायची आणि मी कांदे चिरायचे?

शर्यतीचा सगळा कारभार माझ्या धाकट्या दिराकडे. त्याला गाठून म्हटलं, "भाऊजी, बायांचा बी तराफा लिहा."

तो हसला. "वहिनी, बंधाऱ्यापासून घाटापर्यंत आणून दाखवा. आणला तं दरसाल बायांचा तराफा पक्का. मधातच राह्यले तं मंग पुन्हा नाव नाही काढायचं."

"चालते," मी म्हटलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा माझ्या मोठ्या जाऊबाई आधी घाबरल्या आणि पाचच मिनिटांनी पुढचं वल्हं कोणाचं यावरून माझ्याशीच भांडायला लागल्या. शेजारच्या एकाच घरात सुना म्हणून आलेल्या दोघी सख्ख्या बहिणीही आल्या. झाल्या चौघी.

तराफ्यावर गावाची ओळख दिसली पाहिजे, असा नियम. कोणी देऊळ म्हणालं, कोणी सोयाबीनची शेंग. सासूबाई म्हणाल्या, "बैल करा." विषय संपला.

फवारणीच्या पाण्याची रिकामी निळी पिंपं, त्यावर बांबू, आवळायला सुतळी. उपड्या टोपलीवर पोतं शिवून डोकं केलं. आमच्या इकडच्या मालेगावहून बेगड आणली, शेलूबाजारच्या बाजारातून घुंगरं. झुलीसाठी जाऊबाईंनी स्वतःचा लग्नातला शालू कापला. मी नको नको म्हणत राहिले, पण त्यांची कात्री काही थांबली नाही. आमचा बैल पहिल्यांदा बकरीसारखा दिसत होता. दीर येता-जाता विचारायचा, "वहिनी, दूध किती देते?" मी चिडून शिंगं हातभर लांब केली, वर गोंडे लावले, आणि मग मात्र तो असा रुबाबात दिसायला लागला की मी स्वयंपाक अर्धा टाकून पुन्हा पुन्हा अंगणात जाऊन त्याला बघत होते. इतकी हौस मला स्वतःच्या लग्नातही नव्हती.

रविवारी सकाळी सासूबाई वाटीत हळद आणि तूप घेऊन नदीवर हजर. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळतात, त्याला आमच्याकडे खांद शेकणं म्हणतात. "खांद शेकल्याबिगर कोणता बैल पोळ्यात जाते?" त्या म्हणाल्या. खरंच की! आम्ही चौघींनी पळसाच्या पानानं मनोभावे तूप चोळलं, नमस्कारही केला. हे खांदे म्हणजे आमच्या बसायच्या जागेचे बांबू आहेत, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

शिट्टी झाली. पहिल्याच वल्ह्याला जाऊबाई डावीकडून सुळकन पाण्यात गेल्या. दोघी बहिणी एकमेकींना धरायला गेल्या आणि जोडीनंच पडल्या. मी हसले आणि हसता हसता घसरले. अंगात फुगीर जाकिटं होती म्हणून जीव सुखरूप, पण वल्ही कुठल्या कुठे गेली. वर चढावं तर हात सटकत होते. काठ खदाखदा हसत होता, बाकीचे तराफे पार पुढे गेले होते. मला दिराची अट आठवली. पुन्हा नाव काढायचं नाही!

तेवढ्यात जाऊबाई पाण्यातूनच माझ्यावर ओरडल्या, "चिखलात फसलेली बैलबंडी काय वर बसून काढतेत का? ढकल ना!"

एका बहिणीनं पुढे होऊन बैलाची वेसण धरली. आम्ही तिघी मागून लागलो. पाय मारत, तोंडातलं पाणी थुंकत, हुर्र हुर्र करत. हसणाऱ्या काठानंही आमच्यासोबत हुर्र धरलं. माणसं काठाकाठानं पळायला लागली. मला तर वाटलं छाती फुटते आता, आनंदानं की दमानं कोण जाणे. सगळ्यांच्या शेवटी, पण शिंगं शाबूत ठेवून, आमचा बैल घाटाला टेकला.

दीर पायरीवर उभा होता. "वल्हं तं मारलंच नाही, वहिनी. मी काय समजू आता?"

पोळ्यातून बैल घरी आला की दारात त्याचे पाय धुऊन ओवाळतात, तशा सासूबाई आरतीचं ताट आणि तांब्या घेऊन खाली आल्या. "बैल दारात आला अन् तू वाद कायले घालून राह्यला? पाय धू त्याचे."

"माय, याले पाय कुठं हायेत? खाली पिंपं हायेत."

सासूबाईंनी आमच्याकडे बोट केलं. आम्ही चौघी पायरीवर निथळत, धापा टाकत उभ्या होतो. "हे काय पाय. यायनंच आणला ना त्याले इथपर्यंत?"

मला वाटलं, दीर आता काहीतरी थट्टा करणार. त्यानं आईच्या हातातून तांब्या घेतला आणि वाकला. आधी जाऊबाईंच्या पायांवर पाणी घातलं, मग दोघी बहिणींच्या, मग माझ्या. जाऊबाई रडायला लागल्या. मीही रडले, लपवलं नाही.

वाकूनच त्यानं विचारलं, "पुढच्या साली कायचा तराफा करता, वहिनी?"