बघूबाईंचा शेवटचा प्रयोग

बघूबाईंना कितीही भयंकर गोष्ट सांगा, त्या दचकायच्या नाहीत. पदरानं चष्मा पुसत म्हणायच्या, "बघू या." म्हणून आमच्या मालकांनी त्यांचं नाव बघूबाई ठेवलं. नव्वद सालानंतर काही वर्षं त्या बाजाराच्या दिवशी पुण्याहून बारामतीच्या एका दवाखान्यात मनाच्या दुखण्यावर उपचार करायला यायच्या. आम्ही कळसहून एसटीनं त्यांच्याकडे जायचो.

माझं तान्हं बाळ पाळण्यातच गेलं होतं. तेव्हापासून मनात एकच वाक्य यायचं, 'तू शिवलीस म्हणून झालं.' वाक्य माझंच, पण पाठीमागून कुणी बोलल्यासारखं. मी हातांना पदर गुंडाळून जेवायला वाढायचे. पाच वर्षांच्या शैलाला मी बोटसुद्धा लावत नव्हते. तिचं न्हाणं-खाणं सासूबाई बघायच्या. मी गोठ्यात शिरले की म्हैस रवंथ थांबवते, असंही मला दिसायला लागलं होतं. घरचे मला विहिरीकडे एकटीला जाऊ देत नसत, ते काही उगाच नाही.

"याला डिप्रेशन म्हणतात," बाई म्हणाल्या. "गोळ्या डॉक्टर देतील. आपण विचार तपासू." त्यांनी एक वही दिली. डावीकडे मनातलं वाक्य लिहायचं, उजवीकडे त्याला पुरावा काय ते. मला चीड यायची. माझं लेकरू गेलंय आणि ही बाई मला शाळेत बसवतेय. पण बाई महाहट्टी. नुसतं लिहून त्यांचं समाधान व्हायचं नाही, करूनही बघायला लावायच्या. "चार दिवस म्हशीची धार तुम्ही काढा. काय होईल असं वाटतं, ते आधी लिहा." मी लिहिलं, म्हैस आटेल.

तिसऱ्या दिवशी म्हशीच्या तोंडातून लाळ गळायला लागली आणि धार आटली.

मी वही बाईंपुढे टाकली. "म्या सांगितलं हुतं न्हवं? आता बोला." बाईंनी वहीला हात लावला नाही. पंख्याच्या वाऱ्यानं वहीची पानं आपोआप उलटत होती. मला वाटलं, ही पण घाबरली. मग त्या म्हणाल्या, "हेही लिहा. आणि वस्तीवर आणखी कुणाच्या गोठ्यात असं झालंय, ते दारोदार जाऊन विचारा."

बाळ गेल्यापासून मी कुणाचा उंबरा चढले नव्हते. भर दुपारी वस्तीवर चिटपाखरू नव्हतं. कुत्रीही भुंकली नाहीत. गोठ्यागोठ्यात जनावरं मान खाली घालून उभी, तोंडाला फेसाचे धागे. दारोदार विचारलं तेव्हा कळलं, लाळ-खुरकुताची साथ आली होती. मी धार काढायला बसण्याच्या आठवडाभर आधीच ती वस्तीवर शिरली होती. शेवटच्या घरात म्हातारी तानूआजी अंधारात बसली होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "माझ्याच पायगुणानं झालं गं ह्ये. मी जितं जाती तितं असंच व्हतंय."

माझंच वाक्य तिच्या तोंडून येत होतं.

"आजी, आमच्या हितं तर तुमी आलाच न्हाय," मी म्हणाले. "तरी आमची म्हस आटली." बोलले आणि आपलंच बोलणं ऐकत तिथंच उभी राहिले.

शैलाला हात लावणं हा शेवटचा प्रयोग ठरला होता. तो व्हायच्या आधीच बाईंनी सांगितलं, आता बारामतीला येणं थांबणार. त्या परगावी राहायला चालल्या होत्या. मी रडले, रागावलेही. "अर्ध्यावर टाकून निघालात, बाई."

"हा माझ्यासमोर करायचाच नव्हता," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुमचं मन म्हणेल, बाई होत्या म्हणून काही झालं नाही." त्यानंतर त्या मला कधी भेटल्या नाहीत.

त्याच दिवशी घरी आल्यावर मी हाताचा पदर सोडला. शैला भिंतीशी भातुकली मांडून बसली होती. मी हात पुढे केला तशी ती सरकत भिंतीला टेकली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"आई, मला शिवू नगं," ती हळूच म्हणाली. "बाळाला मी शिवले हुते."

इतके महिने माझं पोर हे एकटं मनात घेऊन त्या घरात वावरत होतं. मी तिचे हात ओढून घेतले आणि माझ्या गालांना लावले. भीती गेली नव्हती. दिवेलागण झाली तरी मी तिला मांडीवरून उतरू दिलं नाही. ती मधूनमधून मान वर करून माझ्याकडे बघायची.

"आई, तू हायस न्हवं?"

"हाय," मी म्हणायचे.