नवरीच्या गाण्यात बाप नाही

"पाणी मागायले बापानं यावं लागते, नवरीनं नाही," असं देवचंद कापगते एकदा आपल्या मुलीला म्हणाला होता.

म्हणाला आणि तिच्याकडे पाठ करून तलावाच्या पाळीवरून चालू लागला. त्यानंतर महिनाभर ते वाक्य त्याच्या मागे मागे फिरत होतं. पाण्यात वाकलं की तळाशी दिसायचं. जेवायला बसलं की ताटासमोर येऊन बसायचं.

देवचंद पाणकर होता. अर्जुनी मोरगावच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांपासून दोन कोसांवर त्याचं गाव. गावाला एक तलाव, आणि तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत कधी सोडायचं हे ठरवणारा माणूस म्हणजे पाणकर. तलाव त्याच्याच कोहळी जातीतल्या पूर्वजांनी बांधलेला. पाळीच्या पोटात दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक भोक आणि भोकाला लाकडी बूच. त्याला तुडूम म्हणतात. पाणी हवं असेल तेव्हा देवचंद छाती भरून श्वास घ्यायचा, बुडी मारायचा आणि हाताने चाचपत एक बूच काढायचा. वर यायचा तेव्हा पाळीपलीकडच्या पाटात पाणी बोलू लागलेलं असायचं. साठी उलटली तरी हे काम त्याने कोणाला दिलं नव्हतं.

त्याच्याकडे आणखी एक मान होता. गावातल्या मुलीला हळद लागायची त्या सकाळी मुलीचा बाप नारळ घेऊन पाळीवर येई आणि म्हणे, "पाणकर, माह्या पोरीचं पाणी दे." मग देवचंद कमरेइतक्या पाण्यात शिरून कोरा घडा भरी आणि बापाच्या खांद्यावर ठेवी. नवरीच्या अंगावर पहिलं पाणी पडायचं ते या घड्यातलं. चाळीस वर्षांत असे किती घडे त्याने दिले, त्याला आठवत नव्हतं. आठवत होते ते बापांचे खांदे. घडा ठेवताच प्रत्येक खांदा थोडा खचायचा, आणि ते पाण्याच्या वजनाने नव्हे, हे त्याला कळायचं.

त्याची स्वतःची मुलगी भूमिका नर्सिंग शिकायला नागपूरला गेली. मिशनच्या दवाखान्यात लागली. मग तिथल्या सिस्टरांमध्ये, लग्न न करता देवाला वाहून घेतलेल्या ख्रिस्ती जोगिणींमध्ये, राहायला लागली, आणि काही वर्षांनी तिने घरी कळवलं की ती त्यांच्यातलीच एक होणार. मोठा भाऊ ओमेश तेव्हापासून तिचा फोन घेईना. आई यशोदाबाई दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "तिथं जेवाले बरं भेटते का?" देवचंद उठून तलावावर गेला.

दिवाळीत भूमिका दोन दिवस आली. संध्याकाळी बाप बसायचा तिथे, तुडमाच्या वरच्या दगडावर, त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिच्या हातात शाळेची असते तशी वही होती. त्यांच्या शास्त्राच्या, बायबलच्या, मधोमध एक लग्नाचं गाणं आहे, ते तिने आपल्या अक्षरात उतरवून आणलं होतं. तिने वाचायला सुरुवात केली. द्राक्षांचे मळे, हरणं, अत्तरं, एकमेकांना शोधणारे दोघं. शिंगाड्याच्या पानांवरून ऊन निघून जात होतं आणि तिचा आवाज पाण्यावर पसरत होता. देवचंदला वाटलं, आपण हे झोपेत ऐकून राहिलो.

"हा नवरदेव कोन?" त्याने विचारलं.

"देव."

"अन् नवरी?"

"जीव, बाबा. मानसाचा जीव. माहा, तुमचा, साऱ्याइचा."

"माहा जीव नवरी? ह्या मिशा घेऊन?"

भूमिका हसली. खूप दिवसांनी ती तशी हसली. मग तिने पुढचं वाचलं. नवरदेव दारावर थाप मारतो. नवरी पाय धुऊन अंथरुणात शिरलेली असते, उठायचा कंटाळा करते. उठून दार उघडते तर तो निघून गेलेला. मग ती गावभर त्याला हुडकत फिरते.

"लवकर काऊन नाही उठली?"

"तेच तं आहे, बाबा. थाप साऱ्याइच्या दारावर पडते. उठत नाही कोनी."

"तू उठली?"

"मी उठली."

देवचंदने पाळीवरचा खडा उचलून पाण्यात भिरकावला. तो म्हणाला, "देवाले अजून किती नवऱ्या पायजेत वो? माह्या एकाच पोरीवर कायले डोळा?"

तिने वही मिटली. मग हळूच म्हणाली, "गोंदियाच्या चर्चात सिस्टर व्हायचं व्रत घेनार आहो मी. पुढच्या महिन्यात, गुरुवारी. आमच्यात हळद नसते. पन त्या सकाळी माह्या अंगावर इथलंच पानी पडावं वाटते. द्याल?"

तेव्हा तो ते वाक्य बोलला आणि उठून गेला.

भूमिका वही तिथेच दगडावर ठेवून गेली. देवचंदने ती उचलली, ती वाऱ्याने पाण्यात पडेल म्हणून. निदान यशोदाबाईला त्याने तसंच सांगितलं. पण दुपारी पाळीवर एकटा असला की तो चष्मा लावून वही उघडायचा. देवाची नवरी ही गोष्ट त्याला तशी परकी नव्हती. भजनात तो स्वतः गौळण म्हणायचा. यशोदाबाईने एकदा टोमणा मारलाच, "तुमी टाळ घेऊन राधा होता जी, तं चालते. पोरगी झाली तं तुमाले ताप येते."

त्याला राग राधा होण्याचा नव्हता. तो त्या वहीत दुसरंच काही शोधत होता. नवरी आहे तर तिचा बाप असेल. तो काय म्हणाला, त्याने होकार कसा दिला, पोरगी गेल्यावर तो कुठे जाऊन बसला, एवढंच देवचंदला पाहायचं होतं. त्याने ते गाणं बोट ठेवून तीनदा वाचलं. त्यात नवरीची आई होती. तिच्यावर रागावलेले भाऊ होते. तिथे त्याला ओमेश आठवला. मैत्रिणी होत्या, रात्री गस्त घालणारे होते, मेंढ्या होत्या, कबुतरं होती. बाप कुठेच नव्हता.

"हिच्या लग्नात बापाले जागाच नाही," तो यशोदाबाईला म्हणाला.

"असंन कुठंतरी. नीट पाहा."

"तीन डाव पायलं."

व्रताच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी धुकं होतं. पाळीचे दोन दगड घुशींनी पोखरून ढिले केले होते, ते बसवायला देवचंद खाली उतरला. अशा दगडांना त्याच्या घराण्यात कोणी चुना-सिमेंट लावलं नव्हतं. दगड हातात फिरवायचा, त्याची बसायची बाजू शोधायची, आणि शेजारच्या दगडाच्या कुशीत सारायचा. तो दगड फिरवत होता आणि वहीतली एक ओळ त्याच्याही नकळत त्याच्याबरोबर फिरत होती. त्यात नवरदेव नवरीला म्हणतो, तू कडी घातलेली बाग आहेस, झाकून ठेवलेला झरा आहेस.

देवचंदचा हात थांबला.

बाग बंद आहे म्हणजे तिला भिंत आहे. झरा झाकला आहे म्हणजे त्यावर कोणीतरी दगड ठेवला. झरा आपला आपण झाकला जात नाही, हे पाणकरापेक्षा कोणाला जास्त ठाऊक? नवरदेव तर बाहेरून आला. नवरी आत होती. मग भिंत कोणी घातली?

धुक्यात पाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती. शेकडो वर्षांची. तिच्यावर कोणाचंही नाव कोरलेलं नव्हतं. बांधणारे कोण होते, कसे दिसत, त्यांच्या मुली कुठे दिल्या, काही माहीत नव्हतं. पाणी होतं. पाणी होतं म्हणजे ते होते.

त्याने दगड बसवला. त्यावर तळवा दाबून बराच वेळ तसाच बसून राहिला.

गुरुवारी उजाडता उजाडता देवचंद पाळीवर आला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात कोरा घडा. घडा त्याने पाण्याच्या कडेला ठेवला आणि पुन्हा वर चढून गेला, जिथे आजवर सगळे बाप उभे राहत आले होते तिथे. खाली पाण्यात कोणी नव्हतं. एक पाणकोंबडी शिंगाड्यांतून पळत गेली.

"पाणकर," तो म्हणाला. त्याने नारळ पाण्याकडे धरला. "पाणकर, माह्या पोरीचं पाणी दे."

मग तो खाली उतरला, कमरेइतक्या पाण्यात शिरला, घडा भरला आणि आपल्याच खांद्यावर ठेवला. खांदा खचला.

घरी ओमेश ओसरीत चहा पीत बसला होता. बापाचं ओलं धोतर आणि खांद्यावरचा घडा पाहून त्याची कपबशी हातातच राहिली. देवचंदने घडा कोपऱ्यात टेकवला, धोतर बदललं, घड्याच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं.

"गोंदियाच्या गाडीले गर्दी राहते, बाबा," ओमेश खाली बघत म्हणाला. "घडा फुटंन."

यशोदाबाई आतून नवं लुगडं नेसून आली. हातात पिशवी होती. तिची तयारी कधीपासून झालेली होती कोण जाणे.

"भेटला का जी बाप, त्या गाण्यात?" तिने विचारलं.

देवचंदने घडा खांद्यावर घेतला आणि दाराबाहेर पडला.