इन्स्पेक्टरांची होडी

इन्स्पेक्टर माणसाला त्याच्या नावाने कधीच हाक मारत नसत. त्याच्यात जो दोष दिसेल तेच त्याचं नाव. मी 'पोट' होतो. चिखलीत टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज चालवणारे सलीमभाई 'घाई' होते. एक नर्सबाई यायच्या, त्या 'भीती'. चारचौघांत या नावाने हाक आली की त्यांचे कान लाल व्हायचे. महिन्याभरात त्या यायच्या बंद झाल्या. आम्ही तसं सांगितलं तर इन्स्पेक्टर घड्याळातून नजर न काढता म्हणाले, "बरं झालं. आदीच गेली."

इन्स्पेक्टर हे नाव आम्ही त्यांच्या पाठीमागे ठेवलेलं, समोर 'सर' म्हणायचो. पोलिसांशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते मूळचे निघोज्याचे. वडिलांची जमीन कारखान्यात गेली आणि त्या बदल्यात यांना नोकरी मिळाली. ब्रेकचे सुटे भाग बनत तिथे तीस वर्षं ते तपासणीच्या टेबलावर बसले. समोर आलेला तुकडा उचलायचा, मापायचा, मापात नसेल तर लाल पेटीत टाकायचा. निवृत्त झाल्यावर महापालिकेच्या जलतरण तलावावर ते आमच्यासारख्या नवशिक्यांना ट्रायथलॉनसाठी तयार करू लागले. एक पैसा घेत नसत, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो होतं. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. वीस वर्षं शिफ्ट, कँटीनचं जेवण आणि ओव्हरटाइम. रक्तातली साखर वाढल्यावर डॉक्टरांनी मुलांची वयं विचारली आणि पुढे काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला फार लागलं. शाळेत असताना मी तालुक्यापर्यंत धावलेला मुलगा होतो. म्हटलं, पाऊण किलोमीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर धावणं, एवढं एकदा करून दाखवायचं. पहिल्याच दिवशी इन्स्पेक्टरांनी दोन बोटांच्या चिमटीत माझं पोट धरलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ह्ये कुनाचं?"

"माझं, सर."

"मंग उचलून पळायचं बी तूच."

पोहण्याचे धडे ते काठावर उभे राहून देत. दम लागून कुणी काठ धरला की ते शांतपणे चालत यायचे आणि चपलेचा पुढचा भाग त्याच्या बोटांवर ठेवायचे. जोर लावत नसत. हळूहळू वजन वाढवत जायचे, आपण हात काढेपर्यंत. "काठ घरी बी हाय. हितं पानी हाय," म्हणायचे. मी दोनदा रडलो. तलावात रडण्याचा एक फायदा असतो, कुणाला कळत नाही. त्यांना कळलं. "डोळं पुसायला हात लागतोय, तवर एक हात वाया जातुया," एवढंच म्हणाले.

सायकलचा सराव निघोज्याच्या रस्त्यावर चालायचा. दोन्ही बाजूंनी ट्रेलर, मागून इन्स्पेक्टरांची स्कूटर. एकदा खडीवर सलीमभाईंची सायकल घसरली आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडी सोलली गेली. इन्स्पेक्टरांनी स्कूटर लावली, आधी सायकलचं चाक फिरवून पाहिलं, मग जखम पाहिली. "चाक सरळ हाय. चल." सलीमभाई उठले. पुढचे आठ किलोमीटर त्यांचा मोजा लाल होत गेला आणि ते माझ्या शेजारून सायकल मारत हसत होते. "जल्लाद आहे राव हा माणूस," ते म्हणाले. "पण खोटं बोलत नाही. मला असाच पाहिजे. गॅरेजमध्ये दिवसभर सगळे गोडच बोलतात."

सलीमभाई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. वडिलांना पन्नाशीच्या आत हृदयविकाराने नेलं होतं आणि त्यांनाही तेच वय जवळ येत असल्याची भीती होती. ती त्यांनी फक्त मला सांगितली होती. म्हणूनच त्यांना प्रत्येक गोष्टीची घाई असायची.

सात महिन्यांनी माझा रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. इन्स्पेक्टरांनी तो मागून घेतला, डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ वाचला, प्रत्येक आकड्याखाली नख ओढलं. मग म्हणाले, "याची एक झेरॉक्स मला दे." ती ते पुढे कितीतरी दिवस शर्टाच्या खिशात बाळगत होते, हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. त्यांनी माझं कौतुक केलं ते एवढंच.

स्पर्धा मावळातल्या एका तलावावर होती. आयोजकांना पाण्यात लक्ष ठेवायला पट्टीचे पोहणारे हवे होते, म्हणून इन्स्पेक्टर एका छोट्या होडीत वल्हं घेऊन बसले. आदल्या दिवशी आयोजक भोंग्यावरून नियम सांगत होते, पण आम्ही त्यांच्याकडे कान दिला नाही. आम्हाला नियम इन्स्पेक्टरांनी कधीच सांगून ठेवले होते. त्यातला एक असा, की होडीला हात लागला की माणूस बाद.

अर्ध्या अंतरावर माझा श्वास तुटला. खाली हिरवा अंधार, तळ नाही, आजूबाजूला लाथा. समोर होडी दिसली आणि मी तिची कड धरली. वर इन्स्पेक्टर होते.

"सोड."

"सर, एक मिनिट."

"बाद व्हशील. सोड."

मी सोडली नाही. त्यांनी वल्ह्याच्या पात्याने माझ्या बोटांवर मारलं. दुखण्यापेक्षा राग आला आणि त्या रागात मी हात मारत सुटलो, ते थेट पायाला चिखल लागेपर्यंत. मग सायकल, मग धावणं. शेवटचा किलोमीटर मी बहुतेक चाललो. तरी रेषा ओलांडली. गळ्यात पदक पडलं, हातात केळं आलं. मला फक्त इन्स्पेक्टरांना शोधायचं होतं. त्यांना सुजलेली बोटं दाखवायची होती आणि मग पाया पडायचं होतं.

ते तिथे नव्हते. केळी वाटणारी मुलगी म्हणाली, "काका, पाण्यात एक जण बुडत होते. त्यांना अँब्युलन्समधून नेलं. होडीवाले सर पण त्यांच्यासोबत गेले."

ते सलीमभाई होते. माझ्या मागून आले, त्याच होडीला धरलं, तेच शब्द ऐकले. त्यांनी वल्हं लागण्याआधीच हात सोडला. त्यांना बाद व्हायचं नव्हतं. चार हात मारले आणि खाली गेले. इन्स्पेक्टरांनी उडी टाकून त्यांना वर काढलं, तोंडाला तोंड लावून श्वास दिला, छाती दाबताना त्यांच्या दोन फासळ्या मोडल्या. सलीमभाई नऊ दिवस दवाखान्यात होते, त्यातले चार दिवस यंत्रावर. मी काचेबाहेर उभा असताना एका आयोजकाने मला सहज सांगितलं, "होडी धरून दम खायला परवानगी असते हो. फक्त पुढे सरकायचं नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

पंधरा दिवसांनी निगडीत चौकशी झाली. आयोजकांपैकी तिघे जण टेबलामागे बसले होते. मला लेखी द्यायला सांगितलं. मी लिहिलं की मी होडी धरल्यावर सरांनी सोडायला सांगितलं आणि त्या गडबडीत वल्हं माझ्या बोटांना लागलं. तिघांनी वाचलं, एकमेकांकडे पाहिलं. ताकीद देऊन प्रकरण मिटेल असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मग तो कागद त्यांनी इन्स्पेक्टरांना वाचायला दिला आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

थोड्या वेळाने इन्स्पेक्टर बाहेर आले. कागद त्यांच्या हातात होता.

"'लागलं' लिवलंस."

"हो, सर."

"लागलं न्हाई. म्या मारलं."

त्यांनी आधीच्या शब्दांखाली नख ओढलं.

"आन् 'सोडायला सांगितलं' ह्ये बी अर्धंच हाय. धरलं तर बाद व्हशील, असं सांगितलं. त्ये खोटं व्हतं. मला ठावं व्हतं."

"मग का सांगितलंत?"

"तुला धरू दिलं असतं तर परत सोडलं नसतंस." त्यांनी खिशातलं पेन चाचपलं. "त्यालाबी तसंच धरून चाललो. त्यो तुज्यासारका न्हवता, त्ये मला दिसायला पायजे व्हतं."

"सर, हे सगळं लिहिलं तर तुम्हाला कुठल्याच तलावावर उभं करणार नाहीत."

त्यांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं. "नीट लिही."

मी आत गेलो, कोरा कागद मागितला आणि जसं घडलं तसं लिहिलं. बाहेर आलो तेव्हा ते निघून गेले होते. त्यांच्यावर कायमची बंदी आली. नंतर मी दोनदा निघोज्याला गेलो. दोन्ही वेळा त्यांच्या बायकोने चहा दिला आणि ते शेताकडे गेलेत म्हणून सांगितलं. शेत कारखान्यात जाऊन तीस वर्षांहून जास्त झाली होती, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

मी अजून पोहतो, चार स्पर्धा पूर्ण केल्या आहेत. सलीमभाई पाण्याजवळ येत नाहीत. त्यांची बायको म्हणते, डोक्यावर तांब्या ओततानाही ते डोळे मिटत नाहीत, साबण गेला तरी. मी जिवंत आहे तो त्या माणसामुळे, आणि सलीमभाईंचं जे झालं तेही त्याच माणसामुळे. कुणी इन्स्पेक्टरांबद्दल विचारलं की मी दोन्ही सांगतो. एकच सांगितलं तर त्यांना चालणार नाही.