वाटाड्या नको होता
दरवर्षी हिवाळ्यात मी आणि माझी मोठी बहीण जळगावहून सातपुड्यात यायचो, पायथ्याच्या पाड्यापासून वरच्या धबधब्यापर्यंत चालत जायचो. दोघी बिनलग्नाच्या, जळगावात मेहरूण भागातल्या घरात दोघीच. ती पुढे, मी मागे, आणि वाटभर भांडण. कुणी वाटाड्या घ्या म्हटलं की ती फणकारायची, "कशाला? मी मेलेय का?"

या पावसाळ्यात मेली. साध्या तापाचं निमित्त झालं. हिवाळा आला तशी मी हट्टानं एकटीच निघाले.

पाड्यातल्या शेवटच्या घरी पाणी मागितलं. तिथली तरुण बाई मला ओळखत नव्हती, बरंच झालं. चौकशा नकोत.

"एकल्याच का ताई?" तिनं विचारलं. "मना देरले लई जा. त्याले बठ्ठी वाट माहीत शे."

तिच्या दिराला न्यायचं? अनोळखी माणसाच्या पाठीकडे बघत दिवसभर चालायचं? त्यापेक्षा चुकलेली बरी! खरं तर वाट मला धड ठाऊकच नव्हती. इतकी वर्षं बहिणीच्या मागे नुसती बडबडत चालले होते. पण नको म्हणजे नको, मी सांगून टाकलं.

"मंग घरना नंबर द्या."

एकटं माणूस वर गेलं की पाड्यावर घरचा नंबर ठेवून घेतात. दिवस बुडेपर्यंत उतरलं नाही तर घरी कळवतात. आता माझं कोणाला कळवणार? चुलतभावाला? तो आधी विचारेल, कोण बोलतंय म्हणून. मला तोंडपाठ असलेला नंबर एकच. तो सांगितला आणि सुटले म्हटलं.

बाईनं ओट्याच्या कडेला, रेंज येते तिथे उभं राहून तो लावून पाहिला. तिथेच टेकवलेल्या माझ्या पिशवीत फोन वाजला.

बहिणीचा. बंद करायला जीव धजत नाही, म्हणून रिचार्ज मारत बरोबर वागवते. दुसरं काय!

तो वाजतच राहिला. मला काढून बंदही करता येईना.

"हाऊ ते आठेच वाजी ऱ्हायना," बाई हळूच म्हणाली. "घर कोनी नही का, ताई?"

"कोणी नाही गं," मी म्हटलं, आणि तिच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडले. ती फोन कानाला तसाच धरून उभी होती.

"ठेव तो," मी म्हटलं. "बोलव तुझ्या दिराला."