आल्दाच्या चवीची बिअर

ओमेर वानहामेलने चाळीस वर्षं रेल्वेच्या डब्यांना वेल्डिंग केलं. ठिणग्या अंगावर घेतल्या, एकदा भुवया जाळून घेतल्या. पण आगीला कधी भ्याला नाही तेवढा हा माणूस म्हातारपणी एका बाईच्या जिभेला भ्याला. ती बाई म्हणजे त्याची बायको, आल्दा.

आल्दाचं माहेर आमच्या वोल्मर्सेम गावातल्याच कॅफेचं. तिच्या लहानपणी त्या कॅफेत पांढरी बिअर यायची, पलीकडच्या गावातल्या एका छोट्या भट्टीतली. गव्हाची, गढूळ, धण्यांचा आणि संत्र्याच्या वाळक्या सालीचा वास असलेली. ताजी ताजी प्यायची, महिनाभरात संपवायची. ती भट्टी बंद पडून जमाना झाला. दुकानातली पांढरी बिअर आल्दा ओठाला लावते आणि ग्लास सरकवते. "साबणाचं पाणी," म्हणते, आणि विषय संपतो.

निवृत्त होऊन वर्कशॉप सुटल्यावर ओमेरचं पहिलं दीड वर्ष वाईट गेलं. त्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नाही, म्हणून आपणही सध्या नको बोलायला. मग एका वसंतात आल्दा सकाळी कॉफी ओतता ओतता म्हणाली की मरायच्या आधी तिला ती बिअर एकदा प्यायची आहे, आणि बाहेर ती मिळत नसेल तर घरात दोन धट्टेकट्टे हात रिकामे पडलेत. ओमेर उठला. जवळच्या टीनन शहराच्या बाजारातून पन्नास लिटरचं पातेलं घेऊन आला. त्याला आता चार वर्षं झाली.

चार वर्षांत बिअरचे बारा घाणे झाले. प्रत्येक घाण्याची परीक्षा एकाच पद्धतीने व्हायची. रविवारी सूपच्या आधी आल्दा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची, ओमेर ग्लास पुढे ठेवायचा आणि उभाच राहायचा. बसवायचंच नाही त्याला. ती एक घोट घ्यायची, खिडकीबाहेर बघायची, दुसरा घोट घ्यायची. मग निकाल लागायचा: "पिता येते."

आता हे समजून घ्या की आमच्याकडे तोंडावर कौतुक करायची रीत नाही. नवी सून कशी आहे विचारलं तर लोक म्हणतात, "वाईट नाही," आणि त्याचा अर्थ ती लाखात एक आहे. ओमेरलाही तेवढेच दोन शब्द हवे होते, "वाईट नाही". ते काही येईनात. पहिल्या घाण्यात धणे फार झाले होते. दुसऱ्यात साल कडवट उतरली होती. तिथवर ठीक. पण तिसऱ्यापासून दर खेपेला काहीतरी नवीनच निघायचं. कधी फेस लवकर बसला, कधी जिभेवर जड वाटली. आणि गेले तीन घाणे तर एकच पालुपद: "नाकाला झोंबत नाही रे. बाबांच्या कॅफेतली कशी नाकात जायची."

तेराव्या घाण्याच्या वेळी आल्दाने आणखी एक पाचर मारून ठेवली. जूनच्या दुसऱ्या रविवारी गावाची जत्रा असते, तिचे दोघे भाऊ बायकामुलांसकट जेवायला येतात. ती म्हणाली, या वेळची बिअर जत्रेच्या टेबलावर ठेवू. झालं. ओमेरची झोप उडाली.

मे महिना थंड गेला. तळघरात बिअर आंबायला लागली ती रडतखडत. साखर किती उरली ते दाखवणारी काचेची तरंगती नळी असते. ती दोन दिवस एकाच आकड्यावर अडून राहिली. एरवी ओमेरने आठवडाभर वाट पाहिली असती. या खेपेस त्याने स्वतःची समजूत घातली की आंबण संपलं. खरं तर ते थंडीने नुसतं पेंगत होतं.

बाटल्या भरताना फेसासाठी थोडी साखर घालतात; ती बंद बाटलीत आंबून तिचा वायू होतो. ओमेरने ती जवळजवळ दुप्पट घातली. घे आता, म्हणाला मनात, झोंबू दे नाकाला. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आणि बाटल्या? जाड तपकिरी बाटल्या होत्या त्याच्याकडे. पण माळ्यावर सासऱ्याच्या कॅफेतल्या अठ्ठेचाळीस स्वच्छ काचेच्या बाटल्या पडून होत्या, लिंबू-सरबताच्या, चिनीमातीच्या बुचांच्या. आमच्या भागात माणसं एक वेळ जावई घराबाहेर काढतील, पण बाटली फेकणार नाहीत. पांढरी बिअर पांढऱ्या काचेत काय शोभून दिसेल, भाऊ बघतच राहतील, असा त्याचा बेत. सरबताची काच सरबताएवढीच ताकद धरते, हे वेल्डरच्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. चार क्रेट भरले आणि तळघरात जिन्याच्या पायथ्याशी, बॉयलरच्या उबेला, घोंगडी पांघरून ठेवून दिले.

जत्रेच्या आधीचा शुक्रवार. दुपारचे चार वाजले असतील. ओमेर मागच्या अंगणात कोंबड्यांचं खुराडं झाडत होता. धाड्‌ करून आवाज आला. त्याने मानही वर केली नाही. जूनमध्ये आमच्याकडे चेरी पिकते, आणि साळुंक्यांना हाकलायला बागवाले दिवसभर गॅसच्या तोफा उडवत असतात. पाच मिनिटांनी पुन्हा धाड्‌. मग लागोपाठ दोन. ओमेरच्या मनात आलं, बागवाला आज पिसाळलाय. तेवढ्यात त्याची नजर भिंतीतल्या तळघराच्या जाळीकडे गेली. जाळीतून पांढरा फेस ओघळत होता.

झाडू हातातून गळून पडला. आणि मग आठवलं की पहिल्या आवाजाच्या जरा आधी आल्दाने हाक मारून सांगितलं होतं, मी बटाटे आणायला खाली जाते.

घरात धावत जाऊन त्याने तळघराचं दार उघडलं. खाली अंधार, दिवा फुटला असावा. आंबूस, गोडसर वास वर आला. अकरा दगडी पायऱ्या, पायथ्याला डाव्या हाताला ते चार क्रेट, आणि पार पलीकडच्या भिंतीशी बटाट्यांची पेटी. जायला-यायला वाट एकच, क्रेटना घासून.

"आल्दा!"

उत्तर येईपर्यंत ओमेर चार वेळा मेला.

"ओरडू नकोस," खालून आवाज आला. "पेटीच्या मागे बसलेय. खाली उतरू नकोस."

लागलंय का, त्याने विचारलं. ती म्हणाली, पायाला काहीतरी ओलं लागतंय, बिअर असेल. मग एक बाटली फुटली. काच भिंतीवर आपटून खणखणत खाली पडली. त्यानंतर ती काही बोलली नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचा सांधा बदललेला. पळणं सोडा, ओणवं होऊन उठायलाही तिला हात द्यावा लागतो. थांबलं तर बाटल्या एकेक करून उडणार. एकीच्या धक्क्याने शेजारची उडणार. चाळीसच्या वर बाटल्या उरलेल्या. डोळ्याला एक कपची पुरे. आणि हे सगळं कुणी केलं? ओमेरच्या डोक्यात तोच एक आकडा गरगरत होता, साखरेचा.

तो शेडमध्ये धावला. जुनं वेल्डिंगचं हेल्मेट काढलं, कातड्याचं जाकीट, कातड्याचे हातमोजे. अग्निशमनवाल्यांना फोन करावा, हे तेव्हा सुचलंच नाही. नंतर सगळ्यांनी सुनावलं. आल्दाच्या डोक्यावर काय घालायचं? दुसरं हेल्मेट नव्हतं. त्याने बिअरचं पातेलं उचललं आणि जिन्याकडे निघाला.

हेल्मेटच्या काळ्या काचेतून अंधारात काय दिसणार? कपाळ. एकेक पायरी पायाने चाचपत तो उतरला. शेवटच्या पायरीवर त्याचे पाय उचलेनात. बाजूला घोंगडीखाली बारीक सीं-सीं आवाज येत होता, बुचांतून वाफ सुटावी तसा. या माणसाला मी भित्रा म्हणणार नाही, पण तो तिथे दगडासारखा उभा राहिला हे खरं. मग आल्दा खोकली. तो पातेलं छातीशी धरून क्रेटना पाठ देऊन सरकला आणि पेटीमागे जाऊन तिच्याशेजारी बसला. बसता बसताच दोन फुटल्या. जाकिटाच्या पाठीवर काहीतरी सपकन लागलं.

हेल्मेट जरासं उचलून त्याने पाहिलं, तर जाळीतल्या उजेडात तिचा चेहरा पिठासारखा दिसत होता. पोटरीतून रक्त वाहत होतं. बिअर नव्हती ती. ओमेरने तिचा स्वयंपाकाचा एप्रन फाडून पट्टी बांधली.

"माझी चूक आहे," तो म्हणाला. "साखर जास्त घातली मी. जवळजवळ दुप्पट. तुला नाकाला झोंबायला हवी होती म्हणून."

आल्दाने पट्टी दाबून धरली. मग म्हणाली, "झोंबत होती."

"काय?"

"नाकाला. झोंबत होती, ओमेर. आधीचीही झोंबत होती. तिसरा घाणाच बाबांच्या कॅफेतल्यासारखा झाला होता. अगदी तसाच. मला रडू येईल असं वाटलं होतं."

ओमेरने हेल्मेट पुन्हा वर केलं. तिने ते पटकन खाली ओढलं.

"मग चार वर्षं मला 'पिता येते' करत नाचवलंस?"

"चांगली झाली म्हटलं असतं तर तू थांबला असतास." तिचा आवाज बारीक झाला होता. "आणि थांबला असतास तर पुन्हा फाटकावर गेला असतास."

आता ते सांगायलाच हवं. त्या दीड वर्षात ओमेर रोज दुपारी रेल्वेच्या फाटकापाशी जाऊन उभा राहायचा. ब्रसेल्सची जलद गाडी कधी येते ते बघत. का, ते त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. घरी तो फिरायला जातो म्हणायचा.

"तुला कसं कळलं?"

"मी मागून यायची. सायकलवर. पाव आणायला जाते म्हणायची ना? त्या वळणावरच्या पॉपलरमागे उभी राहायची. रोज. गाडी गेली की मग पाव आणायला जायची." ती थोडं थांबली. "इथे आत्ता वाटतेय ना, तेवढी भीती मला तेव्हा रोज वाटायची."

ओमेरने तिचा हात घट्ट धरला. तेवढ्यात क्रेटमध्ये तीन बाटल्या एकापाठोपाठ उडाल्या. घोंगडी वर उडून खाली पडली. आता थांबून भागणार नव्हतं.

त्याने पातेलं तिच्या डोक्यावर उपडं घातलं. खांद्याखालपर्यंत झाकली गेली बाई. तो क्रेटच्या बाजूने, ती भिंतीच्या बाजूने. तिचं वजन आपल्या कमरेवर घेऊन तो निघाला. दहा पावलांची वाट. एरवी बटाटे घेऊन गुणगुणत ती तेवढं अंतर जाते. जिन्यापाशी पोहोचले आणि अगदी मांडीजवळ एक फुटली. पातेल्यावर काचा खडखडल्या. आल्दाने आतून विचारलं, "तू आहेस ना?" तो म्हणाला, आहे. दुसऱ्या पायरीवर तिने पुन्हा विचारलं. अकरा पायऱ्यांत तिने सात वेळा विचारलं आणि त्याने सातही वेळा उत्तर दिलं. वर आल्यावर त्याने दार लावून कडी घातली आणि तिथेच फरशीवर बसला. त्याच्या जाकिटाच्या पाठीत नखाएवढ्या पाच काचा रुतल्या होत्या. पातेल्याला तीन पोचे पडले होते. आल्दाच्या पोटरीला दवाखान्यात सात टाके पडले.

संध्याकाळी ल्युव्हनहून मुलगी आली, हिल्डं. आली तीच तोफखाना घेऊन. पापा, तुमचं वय काय, तुम्ही करता काय. ममाचा डोळा गेला असता तर. एवढी हौस असेल तर दुकानं काय ओस पडलीत का. खाली दर पंधरा-वीस मिनिटांनी एखादी बाटली फुटत होती आणि प्रत्येक आवाजाला तिघंही दचकत होती. बोलता बोलता हिल्डंने त्याच्याकडून वदवून घ्यायचं ठरवलं. पुन्हा हे करणार नाही, एवढं म्हणा.

ओमेरला ते म्हणायला काहीच जड गेलं नाही. त्या क्रेटजवळ पुन्हा जायचं नावही त्याला नको होतं. "नाही करणार," तो म्हणाला. "बास झालं. पातेलं विकून टाकतो."

आल्दा टेबलाच्या पलीकडे पाय खुर्चीवर ठेवून बसली होती. तळघरात रडली नाही, टाके घालताना रडली नाही, ती बाई आता रडायला लागली. आवाज नाही, काही नाही. नुसती ओमेरकडे बघत राहिली आणि डोळ्यांतून पाणी गळत राहिलं. हिल्डंला वाटलं, पाय दुखतोय. ती गोळी शोधायला उठली.

ओमेरने ते तोंड पाहिलं. मग खाली आणखी एक बाटली फुटली आणि तो खुर्चीतच अंग चोरून बसला.

"ऑगस्टअखेर नवा गहू येईल," तो शेवटी म्हणाला. "साखर तू मोज."