तळहाताने पारखलेला रिसिव्हर

सिद्राममामांना दुकानदाराने फसवलं, असं आमची गल्ली अजून म्हणते. मला ते पटत नाही. मामांना पहिल्यांदा फसवलं ते त्यांच्याच उजव्या तळहाताने.

भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात घालवली. यंत्रमागांच्या खडखडाटात तिथे कुणाचं काही ऐकू येत नाही; ओठ बघून बोलणं ओळखायचं. माग नीट चालतोय का, हेही मामा लोखंडावर हात टेकवून सांगायचे. त्या खडखडाटानेच पुढे कान खाल्ले. उजवा पार गेला. डाव्यात थोडी धुगधुगी होती, तीही वर्षभरात जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. कानातलं मशीन लावलं की नुसती शिट्टी वाजायची.

कान जायच्या आधी मामांना एकच गोष्ट ऐकायची होती. त्यांची बायको मुक्ताबाई विहारात भीमगीतं म्हणायची. काय गळा होता बाईचा! तवा चुलीवर सोडून आम्ही शेजारणी दारात येऊन उभ्या राहायचो. ती काविळीने गेली, आणि मागे राहिलं ते लेकीच्या, कीर्तीच्या, मोबाईलमधलं एक गाणं. मोबाईल कानाला दाबून मामा रडकुंडीला यायचे. "लांबनं कुणी हाक मारल्यावानी वाटतंय बग. शबूद कळंना."

म्हणून त्यांनी मोठं यंत्र घ्यायचं ठरवलं. कीर्ती म्हणाली, "आप्पा, मी येते संगं." मामा कसले ऐकतात! "माल बगायला मला शिकवू नगंस." एकटेच गेले नवनाथच्या जुन्या टीव्ही-स्पीकरच्या दुकानात. त्याने होम थिएटरचा एक वापरलेला रिसिव्हर, स्पीकर आणि वूफरसकट, पुढे मांडला आणि वरातीतलं दणदणीत गाणं लावलं. मामांनी ठोके घुमवणाऱ्या वूफरवर तळहात ठेवला. खोका हाताखाली थडथडत होता. असा माग असता तर मालक खूश झाला असता. मामाही झाले.

घरी कीर्तीने मोबाईल जोडला. ढोलकीचे ठोके घुमले, मांडणीवरची भांडी हलली. पण मुक्ताबाईंचा आवाज काही येईना. गाणाऱ्याचा आवाज ज्या मधल्या स्पीकरमधून यायचा, तो मुकाच होता. मी तिथेच उभी होते. मामा वूफरवर हात ठेवून, डावा कान पुढे करून बसलेले, डोळ्यांत पाणी. "येतोय का गं आईचा आवाज? मला ठोका लागतोय. गळा न्हाय गावला अजून."

नवनाथ काही माल परत घेणारा नव्हता, आणि बापाचा चेहरा तर असा उजळलेला. कीर्ती ओठ नीट हलवून म्हणाली, "येतोय आप्पा. लई ग्वाड येतोय."

"मग माजाच कान फुटका. रोज लावत जा. गावंल हळूहळू."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या भिंतीपलीकडे नुसती ढोलकी वाजायची. कीर्ती बापासमोर बसून गाण्याचे शब्द ओठांनी दाखवायची. मेकॅनिक बोलावला तर खोटं उघडं पडेल, म्हणून तोही बोलावला नाही. मी चिडून म्हणायचे, "पोरी, सांगून टाक एकदाचं." ती म्हणायची, "कसं सांगू, मावशी?" उन्हाळा आला तेव्हा मामा कुकरच्या शिट्टीलाही वळेनासे झाले होते.

त्या उन्हाळ्यात पंखा दुरुस्त करायला सिद्धांत वायरमन आला. नुसती ढोलकी ऐकून थबकला, आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने रिसिव्हरचं एक बटण दाबलं. "मधला स्पीकर मेलाय. त्याला सोडून कडंच्या दोन्हीतनं आवाज काढायचा. एवढंच होतं की."

आणि मुक्ताबाई घरात गायला लागली. अगदी तीच. कीर्तीने तोंडात ओढणी कोंबली. एक बटण! मला तिचा संताप आला, आणि लगेच इतकी कीव आली की मीही रडले.

मामा मात्र गोंधळून वूफर चाचपत होते. गाणं ठोक्यांसकट कडेच्या स्पीकरांकडे गेलं, तसा तो थंड पडला होता.

"बंद पाडलंस व्हय रं?" ते सिद्धांतवर ओरडले. "आत्ता कुटं तिचा गळा गावाय लागला हुता! पयल्यासारकं कर."

सिद्धांत कीर्तीकडे बघत राहिला. मुक्ताबाई शेवटच्या कडव्यावर आली होती. कीर्ती पुढे झाली आणि तिनेच ते बटण परत दाबलं. आवाज गेला. खोका थडथडू लागला.

मामांनी तळहात टेकवला, डोळे मिटले.

"हां," ते म्हणाले, "आली बग तुजी आई."