खालून पहिला

एखादी गोष्ट आपल्याला माहीत नाही, हे भागोजी शिवगणांनी छप्पन्न वर्षांत कुणालाही कळू दिलं नव्हतं. बायकोलाही नाही. तिला ते कळलं होतं, ही गोष्ट वेगळी.

दैनिक 'किनारवार्ता'त सत्तावीस वर्षं ते खेळाच्या बातम्या देत होते. कबड्डी, टेनिस बॉलचं क्रिकेट, होड्यांच्या शर्यती. आठव्या पानाचा वरचा अर्धा भाग त्यांचा. कबड्डीच्या मैदानात ते लिहिण्यापेक्षा ओरडत जास्त, पण दुसऱ्या दिवशी मिरजोळ्यापासून पावसपर्यंत लोक आधी आठवं पान उघडत, कारण भागोजी पंचांपासून चहा देणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं छापत.

यंदा मात्र ग्रह फिरले होते. श्रावणात त्यांनी जिंकलेल्या संघाच्या बातमीवर हरलेल्यांचा फोटो लावला. गणपतीनंतर एका धडधाकट माजी सरपंचांच्या नावामागे 'कैलासवासी' लागलं आणि ते स्वतः अंक घेऊन ऑफिसात आले. जुन्या संपादकांचा मुलगा हर्षद आता पेपर बघत होता. लहानपणी तो भागोजींच्या स्कूटरवर पुढे उभा राहून हॉर्न वाजवायचा, म्हणून रागावतानाही काकाच म्हणे.

"काका, सड्यावर गोल्फची स्पर्धा आहे. व्यावसायिक खेळाडू येणारेत, सगळीकडचे. तुम्हीच जा. पण आता आणखी एक चूक झाली ना, तर सोमवारपासून त्या अर्ध्या पानावर राशिभविष्य टाकीन."

"गोल्फच ना?" भागोजी म्हणाले. "त्यात काय आहे?"

त्यात काय आहे, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

पास आदल्या दिवशीच मिळाला. 'मीडिया' लिहिलेला तो पास गळ्यात घालूनच ते संध्याकाळी मच्छी मार्केटात गेले. बांगडे नेहमीच्याच भावाने मिळाले.

पावसच्या वाटेवर एका रिसॉर्टवाल्याने सड्याच्या उघड्या कातळावर माती पसरून हिरवंगार मैदान उठवलं होतं. एरवी डिसेंबरात जिथे गुरांना काडी मिळत नाही, त्या कातळावर गालिचासारखं गवत पाहून भागोजींना आधी ते चरायला कुणाला सोडतात हा प्रश्न पडला. पत्रकारांच्या मंडपात मिरजोळ्याची निशिगंधा टेबलाशी बसली होती, कॉलेजची मुलगी, चार दिवसांच्या कामाला आलेली. तिने त्यांच्या हातात इंग्रजी माहितीचं जाडजूड पुस्तक ठेवलं.

"काका, काही समजलं नाही तर विचारा हां. मुंबईवालेपण विचारतात."

"पोरी, तुझ्या बापाच्या कबड्डीतल्या पकडी मी छापल्यात," भागोजी म्हणाले. ते खरं होतं, पण गोल्फशी त्याचा संबंध नव्हता. पुस्तक त्यांनी डोक्यावर धरलं, कारण ऊन लागत होतं.

दिवसभर ते खेळाडूंमागून चालले. कुणी ओरडत नव्हतं. एक माणूस तर 'शांतता' लिहिलेली पाटी उंच धरून उभा होता. एकदा भागोजींनी नुसता घसा खाकरला, तर टोला मारायला काठी उचललेला खेळाडू ती खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. त्यानंतर त्यांनी खोकलासुद्धा खिशात ठेवला.

चार वाजता ते गुणफलकासमोर उभे राहिले. सगळ्यात वरच्या नावापुढे उणे सहा. खाली खाली येत आकडा शून्यावर आला, मग अधिक सुरू झालं. अगदी तळाशी लिहिलं होतं: दर्शन नाखरेकर, त्र्याऐंशी, अधिक अकरा.

नाखरेकर! म्हणजे पावसच्या पलीकडचं नाखरे!

भागोजींनी हिशेब मांडला. उणे म्हणजे खड्ड्यात. अधिक म्हणजे पुढे. कबड्डीत ज्याचे गुण जास्त तो वरचढ, मग इथे वेगळं कशाला असेल? शिवाय वरच्याने सहासष्टच टोले मारले होते, आपल्याने त्र्याऐंशी. मेहनत कुणाची जास्त? फक्त नावं उलटी का लावलीत, एवढंच अडलं. समोर निशिगंधा होती. एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? पण मुंबईचे दोन पत्रकार तिच्याशी बोलत होते, आणि त्यांच्यादेखत विचारायचं म्हणजे पास उतरवूनच ठेवायचा. मोठ्या लोकांच्या खेळात पहिल्याला शेवटी लिहायची रीत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आठव्या पानावर मथळा होता: 'नाखऱ्याचा सुपुत्र अव्वल! देशभरातील खेळाडू मागे'.

सकाळी साडेसातला चार टेम्पो भरून नाखरे सड्यावर आलं. झेंडूचा हार, नारळ, ढोल. ढोल फाटकावर काढून घेतला. पहिल्या टोल्याच्या जागी दर्शन उभा होता. तिशीचा, सावळा, खांदे पडलेला. त्याचा बाप तरुणपणी नाखऱ्यातून मुंबईला गेला आणि साहेबांच्या गोल्फच्या पिशव्या वाहून जगला. दर्शनही पिशव्या वाहतच खेळ शिकला. या गावातलं कुणी त्याला ओळखत नव्हतं.

गावचे म्हातारे मानकरी धाकू पुढे झाले. नारळ हातात धरून त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुझा लेकरू हितं खेळाला हुबा ऱ्हायलाय!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं. शांततेची पाटी धरणाऱ्याच्या हातून पाटी पडली.

"त्येचा चेंडू करवंदीच्या जाळीत जाव देव नको! वाकडा जायल ता सरळ कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मंडपात निशिगंधा 'किनारवार्ता' समोर धरून डोळ्यांतलं पाणी पुसत होती. हसून हसून.

"काका, ह्यात कमी टोले मारतो तो जिंकतो. तो शेवटचा आहे. खालून पहिला."

भागोजींना अर्धं पान दिसलं, त्यावर मेष, वृषभ, मिथुन ओळीने बसलेले. मागच्या वाटेने स्कूटर काढावी असंही वाटलं. पण हार घातलेला तो पोरगा समोर होता, आणि त्याची थट्टा झाली तर ती भागोजींच्या नावाने होणार होती. ते त्याच्याकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "मला माहीत नव्हतं. चूक माझी."

"मला सकाळीच कळलं," दर्शन हळूच म्हणाला. "बाबांना बातमीचा फोटो पाठवला. ते रडतायत. संध्याकाळपर्यंत गावाला सांगू नका, काका. अकरा वर्षांत माझ्यासाठी कुणी आलं नव्हतं."

त्या दिवशी तो एकाहत्तर टोल्यांत आटपला. ठरलेल्या बहात्तरांपेक्षा एक कमी. तरी कालचं ओझं इतकं होतं, की दुसऱ्या दिवसाअखेर मागचे निम्मे खेळाडू घरी पाठवतात, त्यांत तो गेलाच. गावाला ते संध्याकाळी खुद्द भागोजींनीच सांगितलं. धाकू म्हणाले, "म्हंजे काल आमी न्हवतो म्हनून ह्यो मागं ऱ्हायला. बरोबर?"

ऑफिसात हर्षद अंक हातात घेऊनच उभा होता. "काका, पुण्याहून फोन आले. हसतायत लोक."

"दुरुस्ती मी लिहितो. माझ्या नावाने, सगळ्यात वर." भागोजींनी खिशातून वही काढली. "आणि खाली उपस्थितांची नावं. एकशे सात आहेत."

हर्षदने ती यादी पाहिली, मग कपाळ चोळत हसला. एकशे सात घरांत अंक जाणार होता. चुकीच्या मथळ्याच्या अंकाच्या वीस प्रती दर्शनने मागितल्या होत्या, दुरुस्तीची एकही नाही.

अर्धं पान राहिलं. फक्त शिक्षा म्हणून त्याच्या कोपऱ्यात राशिभविष्य आलं, आणि ज्योतिषी परवडत नसल्यामुळे तेही भागोजींनीच लिहायचं ठरलं.

हर्षदची रास सिंह. सोमवारी सिंह राशीपुढे छापून आलं: 'वडीलधाऱ्यांच्या चुका पोटात घाला. चालू आठवड्यात त्यांना पगारी रजा दिल्यास विशेष लाभ.'